आधी म्यान, मग स्टील: फिक्स्ड ब्लेड (न दुमडणारा) चाकू निवडताना कुठल्या क्रमाने जायचं

"डी२ घेऊ की १०९५?", म्हणजे चाकूच्या पात्याला कुठलं स्टील, हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारतो, म्यान कसलं आहे? समोरचा गप्प. कारण म्यान म्हणजे चाकूसोबत फुकटात येणारं कव्हर असंच सगळे धरून चालतात, आणि स्टीलच्या नावासाठी मात्र तीन-तीन आठवडे व्हिडिओ बघत बसतात.

मीही तेच केलं होतं. माझा पहिला बरा चाकू डी२चा, ४ मिमी जाड पातं, सोबत जाडजूड चामड्याचं म्यान, दिसायला एकदम झकास. जुलैत हरिश्चंद्रगडावर दोन दिवस भिजलो, घरी आल्यावर सॅकसकट सगळं माळ्यावर टाकलं कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस, आणि थेट गणपतीत मखराचं सामान काढताना तो हाताला लागला. ओढला तर निघेना. जोर लावून काढला तेव्हा धारेला लागून, जिथे म्यानातली आतली पट्टी पात्याला टेकते बरोबर तिथे, तांबूस ठिपक्यांची रांग. गंज घासून गेला, खड्डे अजून आहेत, नख फिरवलं की लागतात.

आणि त्याच गणपतीत गावी काकांची कोयती बघितली. लोहाराने ट्रकच्या पाट्यातून ठोकलेली, अख्खा पावसाळा कमरेच्या आकडीत, रोज ओली, तरी एक खड्डा नाही. आकडी म्हणजे लाकडाचं उघडं म्यान, कोयती नुसती अडकलेली, सगळीकडून वारा, पाणी थांबायला जागाच नाही, वर रोज संध्याकाळी ती पुसली जाते आणि दगडावर घासली जाते. म्हणजे साधं स्टील आणि उघडं म्यान या जोडीने माझ्या महागड्या जोडीला आरामात हरवलं.

तर क्रम असा ठेवायचा: काम, हवा, म्यान, स्टील, आणि त्यानंतर पाणी (म्हणजे स्टील तापवून, थंड करून कडक करणं), जाडी नि धारेचा कोन. यातली एक पायरी जरी उलटी केली की पैसे जातात.

टप्पा १: काम आणि हवा कागदावर लिहा

डोक्यात नको, कागदावर. गेल्या वर्षभरात चाकू खरंच कशाला वापरला ते आठवून लिहा. ट्रेकवर कांदे-टोमॅटो कापले, दोरी कापली, पाकिटं फोडली, चुलीसाठी काटक्या सोलल्या, बांबू चिरला, मासे साफ केले, काय असेल ते. बहुतेकांच्या यादीत ऐंशी टक्के खाणं आणि दोरी निघते, आणि चाकू मात्र त्यांना लाकूड फोडायचा हवा असतो. असो.

यादीसमोर हवा लिहा. कोकणात राहता का, समुद्राजवळ का, पावसाळ्यात ट्रेक करता की फक्त डिसेंबर-जानेवारीत, चाकू उन्हात उभ्या गाडीत पडून राहणार का (विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी हे नक्की लिहा, पुढे लागणार आहे), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वापरून झाल्यावर तुम्ही तो त्याच दिवशी पुसता का. इथे स्वतःशी खोटं बोलू नका. मी "हो पुसतो" लिहिलं असतं, आणि वर काय झालं ते सांगितलंच.

लांबीचं म्हणाल तर १० सेंमी, म्हणजे साधारण ४ इंच पात्यात वरची सगळी कामं होतात.

> सावधान: शस्त्रांच्या नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं, आणि ते घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं नसेल, तर ते शस्त्रात धरलं जातं. त्याशिवाय पोलिस अधूनमधून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्या काळात त्या हद्दीत लहान चाकू कमरेला लावून फिरणंही महागात पडू शकतं. चाकू सॅकच्या तळाशी, म्यानात, गुंडाळून. कमरेला फक्त जंगलात नि शेतात. विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही.

टप्पा २: म्यान ठरवा

म्यानाची कामं तीन. चाकू तुम्हाला कापू नये, चाकू पडू नये, आणि म्यानाने चाकू खाऊ नये. पहिली दोन सगळे बघतात, तिसरं कोणी बघत नाही.

*चामडं.* हाताला छान, आवाज नाही, पात्यावर ओरखडे कमी. पण चामडं पाणी पितं आणि धरून ठेवतं. त्यातही दोन जाती आहेत. एक झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं, आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल नि हिरडा वापरतात, कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीने याच जातीचं. दुसरं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ, जॅकेट-पर्सचं. म्यानाला पहिलंच पाहिजे. क्रोमचं चामडं आकार धरत नाही, लोंबतं, आणि त्यातले उरलेले क्षार ओल मिळाली की पात्याला डाग पाडतात. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. कड आतपर्यंत पिवळट-तपकिरी असेल तर साल-हिरड्याचं, मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचं. रंग मारलेलं असेल तर नखाने दाबा, साल-हिरड्याच्या जाड चामड्यावर नखाचा वण राहतो.

जाडी ३ ते ३.५ मिमी पाहिजे. आणि दोन थरांच्या मध्ये धारेच्या बाजूला चामड्याची तिसरी पट्टी पाहिजेच पाहिजे, नाहीतर चाकू घालता-काढताना धार थेट टाक्यांवर जाते आणि सहा महिन्यांत दोरा कापला जातो. स्वस्त म्यानात ही पट्टी हमखास गायब असते. गावातल्या चप्पल शिवणाऱ्याकडून बनवून घेत असाल तर त्याच्याकडे आरी, रापी, दाभण सगळं असतं, हातही तुमच्या-माझ्यापेक्षा शंभरपट चांगला असतो, फक्त ही पट्टी घालायला आणि दोन सुयांनी दोन्हीकडून टाका घ्यायला सांगायचं. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे उसवत जातात, दोन सुयांच्या टाक्यात तसं होत नाही.

*कायडेक्स.* हे एक कडक प्लास्टिक, तापवून चाकूवरच दाबून आकार देतात. पाणी पीत नाही, चाकू "टक्" करून बसतो, उलटा धरला तरी पडत नाही. साधारण १.५ ते २.४ मिमी जाडीचे पत्रे येतात, ४ इंची चाकूला २ मिमी बरोबर. तोटे: ओरखडे. कायडेक्स स्वतः फार ओरखडत नाही, आत अडकलेला वाळूचा कण ओरखडतो, त्यामुळे किनाऱ्यावर नि नदीकाठी वापरणाऱ्यांनी ते मान्य करूनच घ्यावं. आणि उष्णता. एप्रिल-मेमध्ये काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलंत तर ते नरम पडून सैल होऊ शकतं, मग तो "टक्" गेला.

तळाला पाणी जायला भोक आहे का बघा. नसेल तर कायडेक्स म्हणजे पाण्याने भरलेला पेला.

*पीव्हीसी पाइप.* हसू नका. नळाच्या कामातला उरलेला जाड पाइप उभा चिरायचा, तापवायचा, दोन फळ्यांमध्ये सपाट करायचा, परत तापवून चाकूवर दुमडायचा. गरिबाचं कायडेक्स. शेतावरच्या चाकूला मी हेच वापरतो, तीन वर्षं झाली. फक्त मोकळ्या हवेत तापवा आणि हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने), गॅसच्या ज्योतीवर नाही. पीव्हीसी जळालं की निघणारा धूर छातीत जाऊन आग करतो. तपकिरी पडायला लागलं म्हणजे जास्त झालं, लगेच थांबा.

*नायलॉन.* आत प्लास्टिकची कडक पट्टी असेल तर चालेल, नसेल तर टोक आरपार बाहेर येतं, विषय संपला. भिजलेलं नायलॉन वरून लवकर वाळतं नि आतल्या पट्टीमागे दोन दिवस ओलं असतं, हे लक्षात येत नाही.

*लाकूड, आकडी.* कोयता-कोयतीसाठी आजही याला तोड नाही. टोकदार चाकूसाठी मात्र उघडं म्यान नको.

> तपासा: तुमच्या यादीत "पावसाळा" किंवा "समुद्र" आहे आणि "त्याच दिवशी पुसतो" याच्यापुढे प्रामाणिक "नाही" आहे? मग चामडं कापून टाका यादीतून. एवढं ठरलं की स्टीलचा निम्मा निर्णय आपोआप झाला.

टप्पा ३: आता स्टील, पण चार गटांत

पन्नास नावं पाठ करायची गरज नाही. सगळी नावं चार गटांत बसतात, आणि गट बरोबर निवडला तर त्यातलं कुठलंही चालतं.

पहिला गट, साधं कार्बन: १०९५, ओ१, ५१६०, आणि आपल्याकडे सहज मिळणारे ईएन४५ (गाडीच्या पाट्याचं) नि ईएन३१ (बेअरिंगचं, बाहेर ज्याला ५२१०० म्हणतात त्याच्या जवळचं). १०९५ मध्ये सुमारे ०.९५ टक्के कार्बन आणि क्रोमियम जवळपास शून्य. धार पटकन लागते, साध्या कार्बोरंडमच्या दगडावर लागते, पाट्याचं स्टील तर मार खायला जबरदस्त. पण गंज रात्रीत चढतो. कैरी कापली तर तासाभरात पातं निळं-जांभळं होतं. तो रंग वाईट नाही, उलट थोडं संरक्षणच करतो, वाईट तो तांबूस, जो बोटाला लागतो.

दुसरा गट, अर्धवट स्टेनलेस: डी२. सगळ्यात जास्त गैरसमज याचाच. कागदावर १२ टक्के क्रोमियम, म्हणून लोक त्याला स्टेनलेसच समजतात. पण यात कार्बन दीड टक्का, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम धरून त्याचे कडक दाणे बनवतो. गंज अडवायला लागतं ते मोकळं क्रोमियम, ते उरतं कमी. म्हणून डी२ एकदम लाल होत नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी खड्डे पडतात. त्याच मोठ्या दाण्यांमुळे धार खूप टिकते आणि त्याच दाण्यांमुळे कडक लाकडावर किंवा हाडावर धारेला खांडं पडतात. दोरी, खोकी, कोरडी हवा यासाठी मस्त. सह्याद्रीतल्या जुलैसाठी नाही, आणि चामड्यात तर नाहीच नाही.

तिसरा गट, बारीक दाण्याचं स्टेनलेस: १२सी२७, १४सी२८एन, एईबी-एल, ४२०एचसी. १४सी२८एन मध्ये कार्बन फक्त ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि थोडा नायट्रोजन. दाणे बारीक, म्हणून धार पातळ करता येते, खांडं कमी पडतात, गंज क्वचित. धार डी२इतकी टिकत नाही पण दहा मिनिटांत परत लागते. स्वीडनच्या 'मोरा' कंपनीचे स्वस्त स्टेनलेस चाकू बऱ्याचदा १२सी२७ चे असतात आणि जगभर सुतारांपासून कोळ्यांपर्यंत लोक त्यावर काम करतात, ते काही वेडे नाहीत. ४४०सी हे नाव पण दिसेल, ते थोडं वेगळं, दाणे मोठे, पण घरगुती कामाला ठीक.

चौथा गट, पावडरचे महाग: सीपीएम ३व्ही, एस३०व्ही, मॅग्नाकट वगैरे. वितळलेल्या स्टीलचा फवारा करून पावडर बनवतात नि ती दाबून ठोकळा, त्यामुळे दाणे सारखे बसतात. ३व्ही मार खायला उत्तम पण क्रोमियम साडेसातच टक्के, म्हणजे पुसावं लागणार. एस३०व्ही पूर्ण स्टेनलेस, धार खूप टिकते. मॅग्नाकट २०२१ मध्ये आलं आणि खरंच तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी सांभाळतं. पण एस३०व्ही, मॅग्नाकट यांना धार लावायला डायमंडची प्लेट लागते, साधा दगड नुसता गुळगुळीत होत बसतो, कारण आतले व्हॅनेडियमचे दाणे दगडापेक्षा कडक. डायमंड प्लेट घ्यायची तयारी नसेल तर या गटाकडे बघू पण नका.

जोड्या मग अशा पडतात. ओलं काम, आळशी मालक: तिसरा गट आणि कायडेक्स, डोळे मिटून. कोरडी हवा आणि रोज पुसायची सवय: पहिला गट आणि चामडं, यासारखं सुख नाही. लाकूड फोडणं नि बांबू: पाट्याचं स्टील किंवा ३व्ही, म्यान कायडेक्स. कारखान्यात, गोडाऊनमध्ये खोकी नि पट्ट्या कापायच्या: डी२, म्यान चामडं सोडून काहीही.

> चूक: "जर्मन स्टील", "सर्जिकल स्टील", "हाय कार्बन स्टेनलेस", नुसतं "४४०". ही स्टीलची नावं नाहीत. ४४० च्या पुढे ए, बी की सी हे नसेल तर ए धरून चाला. दमास्कसच्या नक्षीवर भाव ठरलेला असेल तर विचारा, आत कुठली दोन स्टील आहेत आणि धारेवर कुठलं येतं. उत्तर नाही आलं तर पुढे चला.

टप्पा ४: पाणी, जाडी, कोन

जुने लोहार म्हणतात, लोखंड कुठलंही असो, पाणी कोणी दिलं ते सांग. अगदी खरं. चांगलं पाणी दिलेलं ४२०एचसी हे वाईट पाणी दिलेल्या डी२ला सहज मागे टाकतं. विकत घेताना रॉकवेल आकडा (स्टील किती कडक आहे त्याचं माप) विचारा. पहिल्या गटातल्या जाड चाकूला ५५ ते ५८, १४सी२८एन नि त्या जातीला ५८ ते ६०, डी२ला ५९ ते ६१ च्या आसपास असावा. "५८ ते ६२" असं कोणी लिहीत असेल तर त्याने मोजलेलंच नाही.

स्वतः बनवून घेत असाल तर आणखी एक. स्टेनलेस आणि डी२ला लोहाराच्या भट्टीत पाणी देता येत नाही. १०९५ किंवा पाट्याचं स्टील लाल करून, चुंबक चिकटेनासं झाल्यावर अजून थोडं तापवून तेलात बुडवता येतं, कारण त्याला आठशे-साडेआठशे अंश पुरतात. १४सी२८एन ला हजाराच्या वर, तेही मोजून, हवा लागू न देता. त्यासाठी एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जावं लागतं. मी एकदा एका छोट्या वर्कशॉपमध्ये डी२ची पट्टी दिली, "होऊन जाईल" म्हणाले, झाली पण, आणि पहिल्याच नारळावर धार अशी दुमडली की मला आधी ती काथ्याची शीर चिकटल्यासारखी वाटली. तेव्हापासून पट्टीसोबत कुठल्या अंशाला किती मिनिटं ते लिहून देतो आणि परत घेताना तिथल्याच मशीनवर रॉकवेल दाबून बघतो. आकडा मुठीखाली झाकला जाईल अशा जागी घ्यायचा, कारण तिथे बारीक खड्डा पडतो.

जाडी. लोकांना ५-६ मिमी जाड पातं आवडतं. कांदा कापून बघा त्याने. कांदा कापला जात नाही, फुटतो. खाणं नि दोरीसाठी २.५ ते ३ मिमी, लाकडासाठी ४. त्याहून जाड हवं असेल तर तुम्हाला कोयता हवाय, चाकू नको.

कोन. सर्वसाधारण कामाला दर बाजूला २० अंश. लाकूड-बांबूला २२. फक्त खाणं-मासे असेल तर १७-१८, पण मग डी२ टाळा, पातळ धारेला तो खांडं पाडून घेतो.

> सावधान: नवा चाकू सायकलवरच्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर देऊ नका. धारेची कड निळी झाली म्हणजे तिथे तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. ज्या पात्याला पाणी देऊन २०० अंशांवर शेकलं होतं त्याचं तिथलं पाणी उतरलं, आता कितीही घासा धार टिकणार नाही. निळा भाग पूर्ण घासून काढण्याशिवाय उपाय नाही.

टप्पा ५: दोन चाकूंची घरी तुलना

इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. दोन्ही चाकू खोक्यातून काढून तसेच कापायला घेतात. त्यात स्टीलची तुलना होत नाही, दोन कारखान्यांत त्या दिवशी धार कोणी लावली याची तुलना होते.

१. दोन्हींना एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावा. आधी ४०० ग्रिट (खरखरीत), मग १००० (बारीक). धारेला मार्कर फासा, दोन-चार हात मारा, शाई धारेच्या टोकापर्यंत सारखी गेली पाहिजे. वरचीच गेली तर कोन कमी पडतोय, नुसती टोकाची गेली तर जास्त होतोय.

२. बारीक बर (burr) काढा. म्हणजे घासताना दुसऱ्या बाजूला वळलेली ती केसासारखी कड, बोट आडवं फिरवलं की लागते (धारेच्या दिशेने फिरवू नका, हे सांगायला लागू नये पण सांगतो). जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-दहा वेळा उलटं ओढलं की जाते. ही राहिली तर चाकू पहिल्या पाच कापांत अप्रतिम आणि सहाव्याला ठार.

३. पात्यावर टेपने ३ सेंमीचा भाग मार्क करा, फक्त तोच वापरायचा.

४. काथ्याची १० मिमी दोरी, एकाच गुंडाळीतली. लाकडी पाटावर ठेवून कापा, दर पाच कापांनी वर्तमानपत्राच्या कडेवर धार तपासा. कागद फाटायला लागला की आकडा लिहा. काथ्या मुद्दाम, तो खरखरीत असतो नि धार लवकर मारतो, नाहीतर सुतळीवर तुम्ही संध्याकाळपर्यंत कापत बसाल.

५. हे सगळं तीनदा. एकदाच्या आकड्याला काही अर्थ नाही, तुमचा हातच पाचवा भाग इकडे-तिकडे करतो. ४० विरुद्ध ४५ असं आलं तर दोन्ही सारखेच समजा.

६. मग वाळलेल्या बांबूच्या पेरावर चाकू ठेवून लाकडाच्या सोट्याने हलके ठोके, दहाच. मोबाइलचा टॉर्च धारेवर समोरून पाडा. धार नीट असेल तर ती दिसतच नाही. चमकणारा ठिपका म्हणजे दुमडली, काळा खळगा म्हणजे खांड. दुमडलेली पट्ट्यावर परत येते, खांड घासूनच काढावी लागते.

७. गंजाची चाचणी शेवटी, कारण डाग राहतो. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ, त्यात भिजवलेला म्यानाच्याच चामड्याचा तुकडा मुठीजवळ पात्यावर रबराने बांधा, सहा तास. दुसऱ्या बाजूला भिजलेला कायडेक्सचा तुकडा. म्यान स्टीलला कसं खातं ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या डी२वर चामड्याखाली ठिपके होते, कायडेक्सखाली फक्त कडेला एक पुसट रेघ. १४सी२८एन वर दोन्हीकडे काही नाही. १०९५ चं वर्णन नको.

> तपासा: धार लावायला प्रत्येकी किती मिनिटं लागली ते लिहिलं का? ट्रेकवर अंधारात दगड घेऊन बसायचं असतं तेव्हा हा आकडा काथ्याच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

टप्पा ६: नवं म्यान हातात आल्यावर

अंगाला लावायच्या आधी, घरात, गादीवर. चाकू घाला, म्यान उलटं धरून जोरात दहा झटके द्या. पडला तर सॅकमध्येसुद्धा नको. मग एका हाताने काढता येतो का, आणि परत घालताना टोक कुठे अडतं का. अडत असेल तर एक दिवस ते टोक बाजूने बाहेर येणार.

काढताना तुमची बोटं कुठे आहेत बघा. म्यान मुठीत धरलं आणि बोटं शिवणीच्या बाजूला असली, तर शिवण उसवलेल्या दिवशी धार थेट चार बोटांवर. अंगठा पाठीच्या बाजूला, बोटं सपाट बाजूवर, धारेच्या बाजूला काहीच नाही. ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. यात मला मस्करी करायची नाही, टाके मी घेतलेत.

चामड्याचं म्यान घट्ट असेल तर तेल ओतू नका, तेलाने ते कायमचं लुळं पडतं. कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवा, चाकू प्लास्टिकमध्ये दोन-तीन वेढे गुंडाळून आत घाला, बोटांनी आकार दाबा, चाकू काढा नि सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलं की चिरतं. पूर्ण वाळल्यावर बाहेरून मधमाशांचं मेण चोळा. आतून काही नाही. कायडेक्स सैल असेल तर मुठीजवळचा भाग हीट गनने मऊ करून चाकूवर परत दाबा, थोडं-थोडं, एकदम नाही.

पितळी रिव्हेट असतील तर पावसाळ्यात त्यांच्याभोवती हिरवा चिकट थर येईल. टूथब्रशने काढायचा, पात्याला लागू द्यायचा नाही.

टप्पा ७: भिजून घरी आल्यावर, याच क्रमाने

चाकू आधी म्यानातून बाहेर. आंघोळ नंतर, चहा नंतर, हे आधी.

पातं साध्या पाण्याने धुवा, समुद्रावरून आला असाल तर दोनदा, आणि मुठीच्या सांध्यात मीठ राहतं तिथे जुना ब्रश फिरवा. पुसा, पंख्याखाली दहा मिनिटं. मग तेलाचं बोट. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, चार दिवसांत चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण खाण्याच्या चाकूला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन लावा, त्याला वास नाही नि ते खवटही होत नाही.

म्यान वेगळं वाळवा, चामड्यात वर्तमानपत्राचा बोळा घालून, बोळा दिवसातून दोनदा बदलायचा. कायडेक्स नळाखाली धरा, आतली वाळू जाते.

आणि दोघांना परत एकत्र ठेवायचं नाही. म्यान खुंटीला, चाकू तेल लावून कोरड्या कापडात, डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री चाकू म्यानात जाईल, तोपर्यंत नाही. कोकणातल्या घरात तर म्यानावर आठवड्याभरात पांढरी बुरशी येते, ती कोरड्या कापडाने पुसून म्यान दोन तास सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवलं की पुरे.

माझ्या त्या डी२ला आता मी पीव्हीसीचं म्यान केलंय. खोकी कापायला गोडाऊनमध्ये असतो, तिथे तो खरंच चांगला आहे.